अमेरिकेत वाफेची इंजिनं जाऊन डिझेल कशी आली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली वाफेची इंजिनं नेमकी कधी गेली?

एका वर्षी किंवा एका हुकमाने गेली नाहीत. १९२५ मध्ये डिझेल यार्डात शंटिंग, म्हणजे डबे हलवण्या-जोडण्याचं काम, करू लागलं, १९३४ नंतर प्रवासी गाड्यांना लागलं, १९४० च्या सुमारास मालगाड्यांना. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत जवळपास ४०,००० वाफेची इंजिनं होती. १९५२ मध्ये डिझेल इंजिनांची संख्या त्यांच्या पुढे गेली आणि १९६० मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या रोजच्या वाहतुकीतून वाफ संपली. शंभर वर्षं ज्याच्यावर देश चालला ते तंत्र पंधरा वर्षांत भंगारात गेलं. कामाला लागलेला तरुण फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) पन्नाशीला पोचायच्या आत त्याचं कामच उरलं नाही. हा वेग लक्षात ठेवला तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

पहिलं डिझेल इंजिन कुठलं?

प्रयोग बरेच झाले होते, पण विकलं गेलं, कामाला लागलं आणि टिकलं असं पहिलं इंजिन म्हणजे सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं क्रमांक १०००. साल १९२५. तीन कंपन्यांनी मिळून ते बनवलं: सांगाडा अल्को या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचा, विजेची यंत्रणा जनरल इलेक्ट्रिकची आणि डिझेल यंत्र इंगरसोल-रँडचं. ताकद फक्त ३०० अश्वशक्ती. दिसायला चाकांवर ठेवलेली पत्र्याची पेटी. पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका छोट्या माल-यार्डात ते १९५७ पर्यंत राबलं.

ते न्यूयॉर्कमध्येच आलं, त्याला कारण आहे. ८ जानेवारी १९०२ च्या सकाळी पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या बोगद्यात धूर आणि वाफ इतकी कोंडली होती की एका ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही. त्याची गाडी पुढे उभ्या असलेल्या लोकलवर आदळली आणि १५ माणसं मेली. त्यानंतर मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांवर बंदी आली आणि १९२३ च्या कायद्याने ती शहरभर लागू करायचं ठरलं. मोठ्या मार्गांवर वीज घालणं परवडत होतं. चार सायडिंगच्या यार्डासाठी कोण तारा ओढणार? तिथे डिझेलला शिरकाव मिळाला.

डिझेल इंजिन ट्रकसारखं थेट चाकं फिरवतं का?

नाही. यातलं डिझेल यंत्र एक जनरेटर फिरवतं, त्या विजेवर चाकांच्या आसांना जोडलेल्या ट्रॅक्शन मोटर चालतात, आणि त्या गाडी ओढतात. म्हणजे हे स्वतःचं वीजघर पोटात घेऊन फिरणारं विजेचं इंजिन आहे.

एवढा आडमार्ग का? कारण डिझेल यंत्र थांबलेल्या अवस्थेत जोर लावू शकत नाही, ते आधी फिरत असावं लागतं. ट्रकमध्ये ही अडचण क्लच आणि गिअर सोडवतात. पण हजारो टनांची मालगाडी जागेवरून हलवायची तर कुठला क्लच टिकणार? विजेची मोटर मात्र शून्य वेगालाच सगळ्यात जास्त जोर देते.

वाफेचं याच्या उलट. वाफेच्या इंजिनाची ताकद वेगाबरोबर वाढत जाते, सुरुवात मात्र जड जाते. जुन्या रेल्वेवाल्यांत एक म्हणणं होतं: वाफेचं इंजिन जी गाडी पळवू शकतं ती त्याला हलवता येत नाही, आणि डिझेल जी गाडी हलवू शकतं ती त्याला पळवता येत नाही. यात खोट नाही. चढावर डिझेल फार वेळ रेंगाळलं तर मोटरी तापून जळायची भीती असे.

वाफेचं इंजिन एवढं दमदार होतं, मग ते हरलं कशात?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर लोक रुळांवर शोधतात. ते शेडमध्ये आहे.

युनियन पॅसिफिक रेल्वेचं बिग बॉय हे वाफेचं इंजिन घ्या. १९४१ ते १९४४ मध्ये अल्कोने अशी २५ बनवली. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून वजन ५४० टनांच्या आसपास. वायोमिंग आणि युटाहच्या चढणींवर एकट्याने प्रचंड मालगाड्या ओढायचं. त्याच्या समोर त्या काळातलं एकटं डिझेल युनिट म्हणजे पोरच. ताकदीत वाफ कमी पडली असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आता त्याच जातीच्या इंजिनाचा दिवस बघा. फेरी संपली की ते शेडकडे येतं. आधी भट्टीतली राख आणि चिकटलेले खंगर खाली पाडायचे. मग कोळसा, पाणी, आणि चाकं घसरू नयेत म्हणून वाळू भरायची. एक माणूस वंगण घेऊन एकेक सांधा फिरतो. इंजिन एकाच दिशेला तोंड करून चालतं, म्हणून टर्नटेबलवर फिरवायचं. फेरी नसली तरी भट्टी विझू द्यायची नाही, कारण गार बॉयलरमध्ये वाफ धरायला कित्येक तास जातात. म्हणून रात्रभर कुणीतरी जागून विस्तव सांभाळायचा. आणि महिन्यातून निदान एकदा बॉयलर धुवायचा, हा तर सरकारी नियमच होता. त्यासाठी आग काढायची, बॉयलर निवू द्यायचा, पाणी सोडायचं, भोकांची बुचं उघडायची, जोराच्या पाण्याने आतला क्षार आणि गाळ बाहेर काढायचा, पुन्हा भरायचं, पुन्हा पेटवायचं. घरात बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबाच्या तळाशी जो पांढरा थर साचतो तो ज्यांनी खरवडला आहे त्यांना हे लगेच समजेल. हा बंब मात्र घराएवढा.

हे सगळं करायला प्रत्येक शे-दीडशे मैलांवर शेड, कोळशाचा मनोरा, पाण्याची टाकी, राखेचा खड्डा आणि माणसांची फौज लागे. इंजिन स्वतः दिवसातले कितीतरी तास उभंच असे.

डिझेलला तेल भरलं, तपासणी केली, की ते पुन्हा निघालं. शेकडो मैल तेच इंजिन त्याच गाडीला. शिवाय कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ६-७ टक्के भाग वाफेच्या इंजिनात ओढण्याच्या कामी येई, डिझेलमध्ये २५ टक्क्यांच्या पुढे. इंधनाची ही बचत मोठी होतीच, पण माझ्या मते कंपन्यांच्या हिशेबनिसांना जिंकलं ते उभं राहण्याच्या तासांनी. एका डिझेलने एकाहून जास्त वाफेची इंजिनं घरी बसवली, कारण ते कामावर हजर असायचं.

झेफर या डिझेल गाडीच्या प्रसिद्ध फेरीत काय झालं होतं?

१९३० मध्ये जनरल मोटर्सने दोन कंपन्या विकत घेतल्या: क्लीव्हलंडची विंटन इंजिन कंपनी आणि तिच्याच यंत्रांवर रेल्वेचे मोटर-डबे बनवणारी इलेक्ट्रो-मोटिव्ह. तिथे जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली हलकं, दोन-स्ट्रोकचं डिझेल यंत्र घडत होतं. तोवरची डिझेल यंत्रं ताकदीच्या मानाने इतकी जड होती की यार्डाबाहेर काढण्यात अर्थ नव्हता.

१९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अशी दोन यंत्रं शेवरोलेच्या दालनाला वीज पुरवत होती. दिवसभर लोक बघायचे आणि रात्रभर केटरिंग यांचा मुलगा यूजीन आपल्या माणसांना घेऊन ती दुरुस्त करायचा. पुढे त्याने सांगितलं की कुठले भाग बिघडले याची यादी फार लांब होईल. तेल मोजायच्या पट्टीने त्रास दिल्याचं मात्र आठवत नाही! पण बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांनी ती यंत्रं पाहिली आणि आपल्याला गाडीसाठी हेच हवं म्हणून धरून बसले. मंदीत प्रवासी मोटारींकडे वळले होते, त्यांना परत बोलावायला काहीतरी नवं हवं होतं.

मग आली चकचकीत स्टेनलेस स्टीलची तीन डब्यांची झेफर. २६ मे १९३४ ला ती पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैल न थांबता १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. सरासरी ताशी ७७ मैलांच्या वर, म्हणजे १२५ किलोमीटर. वाटेत एका दारात केबल चेंगरून शॉर्ट झाली आणि यंत्र बंद पडलं. गाडी उतारावर नुसती घरंगळत असताना एका तंत्रज्ञाने तुटलेल्या तारेची टोकं हातांनी जुळवून धरली. त्याचे हात भाजले, यंत्र चालू झालं. संध्याकाळी गाडी थेट प्रदर्शनाच्या रंगमंचावर गेली. त्यात यंत्र होतं फक्त ६०० अश्वशक्तीचं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत युनियन पॅसिफिकची एम-१०००० आली होती, तिला पहिली डिझेल गाडी म्हणणारे बरेच भेटतात. तिच्यात डिझेल नव्हतं, डिस्टिलेट नावाच्या खनिज तेलावर चालणारं, पेट्रोलच्या यंत्रासारखं ठिणगीने पेटणारं यंत्र होतं.

हलकी चकचकीत गाडी ठीक. पण मालगाड्यांसाठी डिझेल चालेल हे कुणी सिद्ध केलं?

क्रमांक १०३ च्या डिझेल इंजिनाने. माझ्या लेखी झेफरपेक्षा त्याचा मान मोठा.

नोव्हेंबर १९३९ मध्ये इलेक्ट्रो-मोटिव्हने चार युनिटं एकामागे एक जोडलेलं एफटी जातीचं इंजिन बाहेर काढलं. प्रत्येक युनिट १,३५० अश्वशक्तीचं, मिळून ५,४००. आत नवं ५६७ यंत्र, जे त्यांनी खास रेल्वेसाठी घडवलं होतं. हे इंजिन कंपनीने स्वतःच्या खर्चाने देशभर फिरवलं: जवळपास ११ महिने, २० रेल्वे कंपन्यांवर, ३५ राज्यांतून, ८३,७६४ मैल. तुमची सगळ्यात जड गाडी द्या, सगळ्यात वाईट चढण द्या, आणि बघा. बऱ्याच ठिकाणी तिथली दोन-तीन वाफेची इंजिनं लागायची त्या गाड्या याने एका ड्रायव्हरच्या हातून नेल्या.

‘एका ड्रायव्हरच्या’ या शब्दांकडे नीट बघा. वाफेची दोन इंजिनं जोडली तर दोन ड्रायव्हर, दोन फायरमन लागतात, आणि दोघांनी शिट्ट्यांवर मेळ घालायचा. डिझेलची चार युनिटं केबलने जोडली की पुढच्या केबिनमधली एक मूठ चारही चालवते. त्या मुठीला आठ खाचा, आपल्याकडे त्याला नॉच म्हणतात.

एफटीची पहिली मोठी मागणी सांता फे रेल्वेनेच का दिली?

पाणी. अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सांता फेला पाणी मिळायचं नाही, आणि मिळालं तर इतकं क्षाराचं की बॉयलर खराब व्हायचे. टाक्यांच्या गाड्या भरभरून पाणी न्यावं लागे. म्हणजे गाड्या ओढणाऱ्या इंजिनांना पाणी पाजायला आणखी गाड्या ओढायच्या! दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी नेलेलं आपण पाहिलं आहे. तिथे ही रोजची गोष्ट होती.

डिझेलने हा प्रश्नच मिटवला. शिवाय सांता फेने आपल्या एफटींवर डायनॅमिक ब्रेक मागून घेतला. घाट उतरताना मोटरी जनरेटरसारख्या चालवायच्या, तयार झालेली वीज छतावरच्या जाळ्यांत तापवून हवेत सोडायची, आणि त्या ओझ्यानेच गाडी आवरते. चाकांवर ब्रेकचे ठोकळे घासत लालबुंद करत उतरण्यापेक्षा हे किती सुरक्षित, ते घाटात गाडी चालवणाऱ्याला विचारा.

महायुद्धाने डिझेलला मदत केली की अडवलं?

दोन्ही. तांबं, पोलाद आणि डिझेल यंत्रं नौदलालाही हवी होती, त्यामुळे कुणी काय बनवायचं हे युद्ध उत्पादन मंडळ ठरवू लागलं. मालगाड्यांची मोठी डिझेलं बनवायची मुभा मुख्यतः इलेक्ट्रो-मोटिव्हला मिळाली. अल्को आणि बाल्डविन या वाफेची इंजिनं बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांकडे यार्डाची डिझेलं आणि वाफेची इंजिनं. युद्ध संपलं तेव्हा इलेक्ट्रो-मोटिव्हच्या हाती हजारावर एफटी युनिटांचा अनुभव होता. दुसरीकडे युद्धाच्या ओझ्याने रगडलेली वाफेची इंजिनं बदलायलाच आली होती. आणि १९४६ मध्ये कोळसा खाणकामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा कोळशावर विसंबून राहायची भीती उरलेल्यांनाही वाटली.

भट्टीच नाही, तर फायरमनचं काय झालं?

इथे उत्तर लांब होईल, आणि व्हायलाच हवं.

संघटनांनी धोका लवकर ओळखला. १९३७ च्या कराराने ठरलं की ठरावीक वजनावरच्या डिझेलवर ड्रायव्हरबरोबर फायरमन राहीलच. मग तो फायरमन सिग्नल बघायचा, मागच्या युनिटांत जाऊन यंत्रांवर लक्ष ठेवायचा. कंपन्या म्हणायच्या, बिनकामाचा पगार. कामगार म्हणायचे, दुसरी डोळ्यांची जोडी. हे भांडण इतकं ताणलं की ऑगस्ट १९६३ मध्ये देशव्यापी संप टाळायला अमेरिकन संसदेला कायदा करून लवाद लादावा लागला. त्यानंतर मालगाड्यांवरचे आणि यार्डातले फायरमन हळूहळू कमी होत गेले.

पण याआधीचा अन्याय कमी लोकांना ठाऊक आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत फायरमनचं काम, म्हणजे उकाड्यात फावड्याने टनांनी कोळसा मारणं, पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय माणसांनी केलं. त्यांना ड्रायव्हर होऊ देत नसत. यांत्रिक स्टोकर (भट्टीत कोळसा ढकलणारं यंत्र) आणि डिझेलमुळे तेच काम स्वच्छ आणि सोपं होऊ लागलं, तेव्हा ते गोऱ्यांना हवं झालं. फायरमनची मोठी संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नव्हती, आणि तिनेच १९४१ मध्ये दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांशी असा करार केला की कृष्णवर्णीय फायरमन कमी होत जावेत. लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचे फायरमन बेस्टर विल्यम स्टील कोर्टात गेले. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी त्यांची बाजू मांडली. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या संघटनेला सगळ्यांच्या वतीने करार करायचा अधिकार आहे, तिने सगळ्यांशी न्यायाने वागलं पाहिजे. निकाल मोठा होता. नोकऱ्या मात्र तोवर बऱ्याच गेल्या होत्या.

आणि शेडमधली माणसं: बॉयलर बांधणारे, लोहार, राख काढणारे, रात्री विस्तव राखणारे. त्यांच्यासाठी कुठला १९३७ चा करार नव्हता. पाणी आणि कोळसा घ्यायला गाडी थांबायची म्हणून वसलेली गावं होती. गाडी थांबेनाशी झाली. वर मी डिझेलचं जे जे कौतुक केलं, त्यातली प्रत्येक बचत कुणाच्या तरी हजेरीपटावरून आली होती, हे मला लिहिताना विसरता येत नाही.

वाफेला शेवटपर्यंत कोण धरून राहिलं?

कोळसा वाहणाऱ्या कंपन्या. ज्याचा माल वाहून पोट भरतं त्याचाच कोळसा सोडून तेल कसं जाळायचं? त्यांच्यात नॉरफोक अँड वेस्टर्न सगळ्यात हुशार. त्यांनी आपल्या रोअनोकच्या कारखान्यात उत्तम इंजिनं बनवली, आणि शेडसुद्धा सुधारली, जेणेकरून इंजिन कमी वेळ उभं राहावं. दुखणं कुठे आहे हे त्यांनी ओळखलं होतं. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी बांधलेलं शंटिंग इंजिन हे अमेरिकन मोठ्या रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. पण एकटी कंपनी किती दिवस तग धरणार? सुटे भाग बनवणारे एकेक करून धंदा बंद करत होते. १९६० मध्ये त्यांनीही भट्ट्या विझवल्या.

अल्को, बाल्डविन, लिमा या जुन्या कंपन्या का टिकल्या नाहीत?

शिंपी आणि तयार कपड्यांचं दुकान, एवढाच फरक. वाफेची इंजिनं मापं घेऊन शिवल्यासारखी बनत: प्रत्येक रेल्वेला तिच्या चढणी, पूल आणि कोळशाप्रमाणे वेगळं. इलेक्ट्रो-मोटिव्हने सांगितलं, आमचा माल हा असा आहे, रंग तुमचा. भाग कुठेही तेच, ड्रायव्हर-फिटरांना शिकवायची सोय कंपनीची.

लिमाने शेवटचं वाफेचं इंजिन १९४९ मध्ये दिलं, बाल्डविनने १९५६ मध्ये इंजिनं बनवणं सोडलं. अल्कोने चांगली झुंज दिली. यार्डातही चालेल आणि मार्गावरही, अशा जातीचं आरएस-१ त्यांनी १९४१ मध्येच काढलं होतं. पण घाईने आणलेल्या पुढच्या यंत्राने गिऱ्हाईकांना फार त्रास दिला. तीच कल्पना इलेक्ट्रो-मोटिव्हने १९४९ च्या जीपी-७ मध्ये उचलली आणि हजारोंनी विकली. १९६९ मध्ये अल्कोचं अमेरिकेतलं इंजिन उत्पादन थांबलं.

जनरल मोटर्सने कट करून वाफ संपवली, हे खरं का?

मक्तेदारीचा खटला १९६१ मध्ये उभा राहिला होता, १९६४ मध्ये सरकारने तो मागे घेतला. मोठ्या गिऱ्हाईकाचं वजन त्यांना मिळालं असेलच, कारण त्यांच्या मोटारी रेल्वेनेच जायच्या. पण कटाने शेडमधले तास कमी होत नाहीत.

थेट विजेकडे का वळले नाहीत?

आपल्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. १९२५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ते ३०० अश्वशक्तीचं डिझेल आलं त्याच वर्षी, मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली होती. डेक्कन क्वीन तर १९३० पासून विजेवर. अमेरिकेतही पेनसिल्व्हेनिया रेल्वेने न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन वीज घातली. पण तारा आणि खांबांचा पैसा आधी ओतावा लागतो, आणि तिथल्या कंपन्या खासगी. पश्चिमेला शेकडो मैल वस्ती नाही. डिझेल एकेक करून घेता येतं. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने तर कॅस्केड बोगद्यातली वीज १९५६ मध्ये काढून, पंखे बसवून डिझेल चालवली.

या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध?

थेट. आपलं डब्ल्यूडीएम-२ हे अल्कोचंच इंजिन, २,६०० अश्वशक्तीचं. १९६२ पासून पहिली अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. मूळ कंपनी बंद पडली तरी वाराणसीत पुढे कित्येक दशकं ती बनत राहिली, अडीच हजारांच्या वर. लहानपणी मिरजेच्या फलाटावर मी याच इंजिनाजवळ उभा राहायचो. ड्रायव्हरने नॉच वाढवला की टर्बो वेग धरेपर्यंत काळा धूर उसळायचा, फलाट पायाखाली थरथरायचा, मग गडगडाट एका सुरात यायचा.

ही जुनी इंजिनं आज पाहता येतात का?

क्रमांक १००० बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे, झेफर शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात. आणि बिग बॉय क्रमांक ४०१४ युनियन पॅसिफिकने २०१९ मध्ये पुन्हा जिवंत केलं. आता ते कोळशाऐवजी तेल जाळतं. वाटेतल्या पाण्याच्या टाक्या कधीच गेल्या, म्हणून पाण्याची जादा टेंडरं सोबत न्यावी लागतात. त्यांच्यामागे बहुतेक वेळा एक डिझेल जोडलेलं असतं.